दादीनं सांगितलेला युसूफ पैगंबर खोटा कसा ठरेल?

दर्यापूर तालुक्यातल्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

“आपा, सलाम. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. आपली घरं तीस-पस्तीस, बाकी गाव कुणबी, माळी, बौद्ध. मी बी.एड. करून सध्या घरीच आहे. आमची दादी रमजानात तरावीहनंतर (रात्रीच्या जादा नमाजेनंतर) आम्हा पोरींना कुरआनातले किस्से सांगते, अर्धे आपल्या बोलीत, अर्धे वऱ्हाडीत. मी स्वतः मराठी तर्जुमा (भाषांतर) वाचते, कारण शिकले जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. उर्दू मला अक्षरं जुळवून वाचावी लागते. मोठा भाऊ तबलीगी जमातीत चिल्ला (चाळीस दिवसांचा धर्मफेरा) लावून आला आणि तेव्हापासून घरात रोज वाद. दादीचे किस्से म्हणे बनावटी, मराठी कुरआन वाचणं चूक, ग्यारवीची नियाज (पीरांच्या नावानं शिजवून वाटायचं जेवण) बिदअत (दीनात नंतर घुसवलेली गोष्ट), आणि अचलपूरच्या दर्ग्याचं तर नावच काढायचं नाही. मशिदीतले नवे इमामसाहेब बिहारचे आहेत, त्यांचं बयान अर्ध्या लोकांच्या डोक्यावरून जातं. अब्बा काहीच बोलत नाहीत. भाऊ म्हणतो, आपण वऱ्हाडातले मुसलमान कच्चे, नावापुरते. आपा, खरी तफसीर (कुरआनाचा उलगडा) कोणाची मानायची? पुतण्याच्या शाळेच्या फॉर्मवर मातृभाषा काय लिहायची यावरूनही भांडण झालं. ता.क. वारलेल्या दादांच्या (आजोबांच्या) नावावरच्या चार एकरांसाठी भाऊ फुफीची (आत्याची) हक्कसोडीवर सही घेणार आहे. अब्बांना ती एकच बहीण, भाऊ नाही. पण ते तर सगळेच करतात.”

बेटा, ताजा कलम शेवटी घेते. पण तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तिथेच दडली आहे, एवढं आधीच सांगून ठेवते.

आधी ‘कच्चे’ या शब्दाचं बघू, कारण तुला तो लागला आहे हे ओळीओळीत दिसतं. दादीच्या तोंडचं एक वाक्य तू पत्रात जसंच्या तसं उतरवलं आहेस: “मंग युसूफ पैगंबरानं सांगतलं, सात साल पेरा, पन जवारीचे कनसं तसेच पेवात राहू द्या, खायापुरतेच काढजा.” आता तुझ्या मराठी तर्जुम्यात बारावी सूरह, सूरह युसूफ, काढ आणि ४७ वी आयत वाच. बादशहाच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना युसूफ अलैहिस्सलाम हेच सांगतात: सात वर्षं लागोपाठ पेरणी करा, कापाल ते कणसातच राहू द्या, खाण्यापुरतं थोडं तेवढं काढा. दादीनं आयतीत पदरचं काय घातलं? ज्वारी आणि पेव. मिसरच्या (इजिप्तच्या) बादशहाचं धान्य खारपाणपट्ट्यातल्या पोरींना कळावं म्हणून तिनं ते त्यांच्या अंगणातल्या पेवात नेऊन ठेवलं. आयतीचा गाभा कुठेही हलला नाही. कणसातला दाणा टिकतो, मळून ठेवलेल्याला लवकर कीड लागते, हे तिला शेतातून ठाऊक आहे. त्यामुळे ‘कणसातच राहू द्या’ असं का म्हटलं हेही ती पोरींना समजावू शकते. हे काम तफसीरचंच आहे. तिच्याकडे मदरशाची सनद नाही, म्हणून तिला मुफस्सिर (तफसीरकार) म्हणता येणार नाही हे खरं. पण बनावटी? ते मुळीच नाही.

माझे अब्बा कापसाची गाडी घेऊन जिनिंगवर जायचे तेव्हा ‘वैलुल्लिल मुतफ्फिफीन’ पुटपुटत जायचे. त्र्याऐंशीवी सूरह आहे ती: घेताना पुरेपूर मापून घेतात आणि देताना माप मारतात, अशा लोकांचा धिक्कार करणारी. ही सूरह कापूसवाल्याला जशी कळते तशी नोकरदाराला कळायला वेळ लागतो. काटा मारणं म्हणजे काय हे त्यानं अंगावर सोसलेलं असतं. एकाच आयतीकडे निरनिराळ्या गावची माणसं निरनिराळ्या दारांनी येतात, आणि असं होत आलं आहे ते अगदी सुरुवातीपासून.

तुझा भाऊ ज्या मोठ्या तफसीरींची नावं घेत असेल त्यांच्याकडेच बघ. तबरी मूळचे तबरिस्तानातल्या आमुलचे, काम केलं बगदादला, इंतकाल ९२३ साली. त्यांनी एकेका आयतीवर आधीच्या लोकांची पाच-पाच, दहा-दहा मतं सनदीसकट (कोणी कोणाकडून ऐकलं त्या साखळीसकट) मांडली आणि मग आपला कौल दिला. कुर्तुबी स्पेनमधल्या कोर्दोबाचे, मालिकी (हनफी, शाफई यांसारखाच सुन्नींचा एक कायदेपंथ); त्यांची नजर कायदेकानूंवर. झमख्शरी ख्वारिझमचे, अरबी व्याकरण आणि अलंकारांचे उस्ताद. ते मुअतझिला पंथाचे, म्हणजे सुन्नी उलेमांना (धर्मपंडितांना) न पटणाऱ्या विचारांचे, तरी त्यांच्या ग्रंथाशिवाय सुन्नी मदरशांचं पान हललं नाही. बैझावींनी त्यावरूनच आपली तफसीर बेतली आणि ती बैझावी हिंदुस्थानच्या दर्से-निझामीत (मदरशांच्या जुन्या अभ्यासक्रमात) शतकानुशतकं शिकवली गेली. इब्ने कसीर दमास्कसचे, चौदाव्या शतकातले, रिवायती (परंपरेनं आलेली कथनं) चाळून-पाखडून घेणारे. हे सगळे आपापल्या शहरातून, आपापल्या लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत लिहीत होते. त्यांच्यापैकी कोणी दुसऱ्याला कच्चा मुसलमान म्हणून बाजूला सारलं असतं तर ही परंपरा उभीच राहिली नसती.

दमास्कस, बगदाद दूर वाटत असतील तर आपल्याच राज्यात बघ. मुंबईच्या माहीमला मखदूम अली माहिमींचा दर्गा आहे, ज्यांच्या उरुसात मुंबई पोलिसांच्या चादरीचा मान असतो. लोकांना दर्गा माहीत आहे, पण त्या बुजुर्गांनी कुरआनाची अख्खी तफसीर अरबीत लिहिली हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ‘तब्सीरुर्रहमान’ तिचं नाव. एक आयत पुढच्या आयतीशी कशी जोडली आहे, एका सूरहमधून दुसरी कशी उमलते, हे दाखवणं हा तिचा खास गुण. माहिमी १४३१ साली गेले. त्यांची तफसीर एकोणिसाव्या शतकात कैरोला छापली गेली. म्हणजे कोकण किनाऱ्यावरच्या माणसाचं लिखाण मिसरनं वाचलं. त्यांच्याच काळात गुलबर्ग्याला ख्वाजा बंदानवाज गेसूदराज होते (इंतकाल १४२२), त्यांनीही कुरआनावर लिहिलं, सूफी नजरेनं. तेव्हा ‘आपल्याकडे काही नव्हतं, सगळं वरून उत्तरेतून आलं’ असं भाऊ म्हणत असेल तर ते इतिहासाला धरून नाही. दख्खनच्या मुसलमानांनी कुरआन वाचला, समजून घेतला, त्यावर ग्रंथ लिहिले.

आणि या माहिमींचीच दुसरी गोष्ट. ते शाफई होते. कोकणातले बहुतेक मुसलमान आजही शाफई आहेत, कारण तिथे इस्लाम अरबस्तान आणि येमेनशी चाललेल्या दर्यावर्दी व्यापारातून आला. आपण वऱ्हाडातले हनफी, कारण आपल्याकडे तो खुष्कीच्या मार्गानं, दिल्ली आणि मध्य आशियाच्या लोकांबरोबर उतरला. पुढे अचलपूरला इमादशाही नांदली, मग मोगल, मग निजाम. तुझा भाऊ उद्या जमातीबरोबर रत्नागिरीकडे गेला तर तिथल्या मशिदीत लोक रुकूला (नमाजेत वाकायला) जाताना हात उचलतात, आमीन मोठ्यानं म्हणतात. त्यांच्या मागे तो नमाज पढेल की नाही? पढेल, पढायलाच हवी. मग वाट बदलली की माणूस कच्चा होत नाही, हे त्याला तिथे पटतं आणि स्वतःच्या दादीच्या बाबतीत पटत नाही, असं कसं?

आता मराठी तर्जुम्याचं. तुमच्या घरात दादीचा जुना मुसहफ (कुरआनाची प्रत) असेलच, जुजदानात गुंडाळून वर ठेवलेला. तो वजू करून उतरव, रिहलवर ठेव आणि नीट बघ. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत जे जुने छापील कुरआन आहेत त्यांत अरबी ओळीखाली बारीक अक्षरात उर्दू तर्जुमा असतो, आणि तो पुष्कळदा शाह रफीउद्दीन देहलवींचा असतो, शब्दाखाली शब्द. हे रफीउद्दीन कोण? शाह वलीउल्लाहांचे चिरंजीव. वलीउल्लाहांनी (१७०३–१७६२) दिल्लीत कुरआनाचा फारसी तर्जुमा केला, कारण शिकलेल्या लोकांची भाषा तेव्हा फारसी होती. एका पिढीत फारसी ओसरू लागली, तर त्यांच्या मुलांनी, रफीउद्दीन आणि अब्दुल कादिर यांनी, उर्दूत तर्जुमे केले. अब्दुल कादिरांचा तर्जुमा तर दिल्लीच्या बोलीत, घरात बोलतात तसा. म्हणजे ज्या उर्दूला तुझा भाऊ आज दीनची भाषा म्हणतो, ती अठराव्या शतकाच्या अखेरीस बाजाराची बोली होती आणि उलेमांच्या घरातल्या माणसांनीच मुद्दाम ती निवडली होती.

त्याही आधीचं सांगते. दहाव्या शतकात बुखाऱ्याचा सामानी अमीर मन्सूर बिन नूह याला तबरीची अरबी तफसीर वाचायला जड गेली. त्यानं मावराउन्नहरच्या (बुखारा-समरकंदकडच्या) उलेमांना विचारलं, ही फारसीत आणणं जायज आहे का? उलेमांनी हो म्हटलं, आणि दाखला दिला तो कुरआनाचाच, सूरह इब्राहीमची चौथी आयत: कोणताही पैगंबर आम्ही त्याच्या कौमच्या भाषेखेरीज पाठवला नाही, त्यांना उलगडून सांगता यावं म्हणून. ही आयत तुझ्या तर्जुम्यात खूण करून ठेव. तुला ती लागणार आहे.

एक मात्र सांभाळ. तर्जुमा हा कुरआनाची जागा घेत नाही, हे सगळे उलेमा एकमुखानं सांगतात, आणि ते बरोबर आहे. नमाजेत अरबीच पढायचं. घरात मराठी तर्जुमा घ्यायचा तर शेजारी अरबी मजकूर छापलेला असलेला घे. एखाद्या आयतीवरून ‘हे हलाल, ते हराम’ असा फैसला तू किंवा मी तर्जुम्यावरून काढायचा नाही; तिथे शाने-नुजूल (आयत कोणत्या प्रसंगी उतरली ते), हदीस, आधीच्या लोकांची समज हे सगळं लागतं. पण समजून घेण्यासाठी, रडण्यासाठी, स्वतःला सुधारण्यासाठी आपल्या भाषेत वाचण्याला कोणाची परवानगी लागत नाही.

भाऊ म्हणेल, मराठी ही हिंदूंची भाषा. हे वाक्य मी फार ऐकलं आहे आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. केरळच्या मोपला मुसलमानांनी मल्याळम अरबी लिपीत लिहिली आणि त्यातच दीन शिकवला. तमिळ मुसलमानांनी तमिळसाठी हेच केलं. बंगालीतला पहिला पूर्ण तर्जुमा गिरीशचंद्र सेन यांनी १८८१ ते १८८६ या काळात छापला. ते तर ब्राह्मो समाजाचे, अरबी शिकायला मुद्दाम लखनौला गेलेले. इथे आपल्या विदर्भात, वर्ध्याजवळ पवनारला, विनोबांनी अरबी शिकून वर्षानुवर्षं कुरआन वाचला आणि १९६२ च्या सुमारास त्यातल्या निवडक आयतींचं विषयवार संकलन ‘कुराण-सार’ म्हणून दिलं. ते निवडक आहे, तफसीर नाही, पण मराठी माणसाला मराठीतून कुरआनाजवळ जाता येतं याची साक्ष आहे. बंगाली मुसलमान बंगाली बोलून, मोपला मल्याळम बोलून कमी मुसलमान झाला नाही. मग आपणच का व्हावं?

केरळची आणखी एक गोष्ट भावाला जरूर सांग, कारण ती त्याचा समज मुळातून हलवेल. तिथे जुमाच्या खुतब्याच्या (शुक्रवारच्या नमाजेआधीच्या प्रवचनाच्या) भाषेवरून मोठा वाद झाला. परंपरावादी सुन्नी उलेमांचं म्हणणं, खुतबा अरबीतच हवा. आणि उरूस, नियाज यांना विरोध करणारे जे सुधारणावादी, मुजाहिद म्हणवणारे, त्यांनी तो मल्याळममध्ये सुरू केला. म्हणजे गावच्या रिवाजांना नाही म्हणणारा माणूस गावच्या भाषेलाही नाही म्हणेलच असं नाही. तिथे तर नेमकं उलट घडलं.

आता भावाच्या बाजूचं, कारण तो सगळाच चुकत नाही. दादी सूरह युसूफ सांगताना जुलेखाचं नाव घेत असेल. म्हातारपणी ती पुन्हा जवान झाली आणि युसूफशी तिचा निकाह लागला हेही सांगत असेल. कुरआनात जुलेखा हे नाव नाही. तिथे फक्त अझीजची बायको आहे, आणि निकाहाची गोष्ट नाहीच. हा भाग जुन्या रिवायतींतून आणि फारसी कवितेतून आला. इब्ने कसीरांसारख्यांनी अशा रिवायतींबद्दल सावध केलं आहे. पण हेही लक्षात घे, अझीजच्या बायकोचा पुढे युसूफशी निकाह झाला ही रिवायत खुद्द तबरींनी नोंदवलेली आहे. दादीनं ती मनानं रचली नाही. हजार वर्षं पुस्तकांतून आणि तोंडांतून वाहत ती तुमच्या ओसरीपर्यंत आली. म्हणून दादीला गप्प करायचं नाही. किस्सा संपला की पोरींना तू हळूच सांग: एवढं कुरआनात आहे, एवढं लोकांनी सांगितलेलं आहे. दादीला राग येणार नाही. उलट ती विचारेल, बाकीचं कुठं लिवलंय मंग? आणि तिथून दोघींचं वाचन सुरू होईल.

भावाचा चिल्लाही हलका लेखू नकोस. मौलाना इलियास यांनी १९२० च्या दशकात हे काम सुरू केलं ते मेवातच्या शेतकऱ्यांत, ज्यांना कलमा धड येत नव्हता. नमाज सोडून टपरीवर बसणारी पोरं त्यातून मशिदीत आली, दारू सुटली, हे मी आपल्याकडच्या गावांत पाहिलं आहे. तुझा भाऊ वेळेवर उठतो, फजर पढतो, यात वाईट काय? बिघडलं ते एवढंच, की नवं मिळाल्याबरोबर जुनं सगळं फेकायला निघाला. देवबंदचं दारुल उलूम १८६६ चं. बरेलीच्या अहमद रझा खान साहेबांचा ‘कन्झुल ईमान’ हा तर्जुमा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतला. दोन्ही गावं उत्तर प्रदेशातली, एकमेकांपासून फार लांबही नाहीत. १८५७ नंतर राज्य गेलेलं, इंग्रज बसलेला, आता आपला दीन कसा जपायचा या काळजीतून तिथल्या उलेमांनी आपापली उत्तरं शोधली. ती मोठी उत्तरं आहेत, त्यांची इज्जत कर. पण तीही एका मुलखाची, एका काळाची आहेत. सहारनपूरचा रिवाज म्हणजे इस्लाम आणि दर्यापूरचा रिवाज म्हणजे अडाणीपणा, असं कुरआनात कुठे लिहिलेलं नाही. तिथे लिहिलेलं आहे ते सूरह हुजुरातच्या तेराव्या आयतीत: तुमच्या कौमा आणि कबिले केले ते एकमेकांना ओळखावं म्हणून, अल्लाहजवळ इज्जतदार तोच, ज्याचा तकवा (अल्लाहचं भय राखून वागणं) जास्त.

ग्यारवीच्या नियाजेवर उलेमांत दीडशे वर्षं वाद आहे, तो तुमच्या स्वयंपाकघरात मिटणार नाही. दादी नियाज करेल, भाऊ खाणार नाही. त्यादिवशी त्याला वेगळं काही करून दे आणि विषय काढू नकोस. दर्ग्यावर दादीला कोण नेणार एवढाच प्रश्न असेल तर अब्बांना सांग, ते नेतील. अब्बा बोलत नाहीत म्हणतेस. बाप गप्प असतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला आई आणि मुलगा यांच्यात निवड करायची नसते. त्यांना निवड करायला लावू नकोस, छोटं काम सांग.

इमामसाहेबांशी मात्र बोलायलाच हवं, आणि तक्रार घेऊन नको. घरदार सोडून बिहारमधून खारपाणपट्ट्यात आलेला, गढूळ-खारट पाणी पिऊन पाच वेळा अजान देणारा माणूस आहे तो. त्याला मराठी येत नाही हा त्याचा गुन्हा नाही. मशीद कमिटीतल्या एखाद्या समजदार चाचांना गाठ आणि एवढंच सुचव: अरबी खुतब्याला हात लावायचा नाही, त्याआधी जे उर्दू बयान होतं त्यातली शेवटची दहा मिनिटं गावातल्या कोणीतरी मराठीत सांगायची, इमामसाहेबांनी काय सांगितलं ते. मराठी शाळेतली पोरं मागच्या सफीत मोबाईलवर बोटं फिरवत बसतात ती ऐकतील. बायकांसाठी आठवड्यातून एकदा कोणाच्या घरी दर्स (धर्माचा पाठ) ठेव. इमामसाहेबांकडून आयत आणि तिची तफसीर आधी समजून घे, मग तू मराठीत सांग. बी.एड. झालीस ना? त्याचा उपयोग इथे आहे. भावाचा विरोध निम्म्यानं तिथेच कमी होईल, कारण मग तू मौलानाच्या विरोधात नसशील, त्यांच्या बरोबर असशील. आणि कोणी भाषेवरून हटकलंच, तर सूरह इब्राहीमची ती चौथी आयत दाखव.

पुतण्याच्या फॉर्मचं थोडक्यात. जनगणनेत मातृभाषेचा अर्थ साधा आहे: लहानपणी आई मुलाशी जी भाषा बोलते ती. वहिनी त्याच्याशी काय बोलते ते बघा आणि ते लिहा. उर्दू असेल तर उर्दू लिहायला लाजू नका, मराठी असेल तर मराठी लिहायला घाबरू नका. यात दीनचा संबंध नाही. पोरगं मराठी शाळेत जात असेल तर संध्याकाळी मकतबमध्ये (लहान मुलांच्या दीनी शाळेत) कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, आणि उर्दू, दोन्ही शिकव. दादीच्या मुसहफातल्या ओळीखालची अक्षरं त्याला वाचता आली पाहिजेत.

आता हक्कसोड.

तू लिहितेस, “ते तर सगळेच करतात.” हो, करतात. वऱ्हाडात हिंदू-मुसलमान सगळ्या घरांत करतात. बहिणीला लुगडं-चोळी किंवा साडी, सणाला बोलावणं, आणि एक दिवस दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन सही. मग तलाठ्याकडे फेरफार, सातबाऱ्यावरून नाव गायब. बहीण सही करते, कारण नाही म्हटलं तर माहेर तुटेल ही भीती. पण बेटा, तुझा भाऊ नियाजेवर इतका कडक आहे, मग इथे का ढिला? नियाजेबद्दल कुरआनात थेट एक ओळ नाही. वारसाबद्दल सूरह निसाच्या ७, ११ आणि १२ या आयतींत हिस्से मोजून दिले आहेत, थोडं असो की फार, आणि लगेच तेराव्या आयतीत म्हटलं आहे, या अल्लाहच्या हद्दी आहेत. इथे कुठल्या मुफस्सिराचा वाद नाही. देवबंद, बरेली, अहले हदीस, शाफई, हनफी, सगळे एका बाजूला. गावचा रिवाज कुरआनाच्या उघड उघड विरोधात जातो तो इथे, आणि नेमका इथेच भावाला रिवाज गोड लागतो आहे.

हिशेबच मांडते. तू लिहिल्याप्रमाणे दादांच्या मागे दादी, अब्बा आणि एकटी फुफी. दादांचं कर्ज आणि वसीयत नाही असं धरू. चार एकर म्हणजे १६० गुंठे. मुलं असताना बेवेचा (विधवेचा) हिस्सा एक अष्टमांश, म्हणजे दादीचे २० गुंठे. उरले १४०; त्यात मुलाला दोन भाग, मुलीला एक. अब्बांचे सुमारे ९३ गुंठे, फुफीचे सुमारे ४७. म्हणजे फुफीची एक एकराहून जास्त जमीन आहे. आणि ज्या दादीचे किस्से तुझा भाऊ बनावटी म्हणतो, तिचा कुरआनानुसार अर्धा एकर आहे, जो बहुधा तिलाही कोणी सांगितलेला नाही.

फुफीला खरोखर स्वखुशीनं भावाला द्यायचं असेल तर ती देऊ शकते, पण आधी तिचा हिस्सा तिच्या नावावर, तिला ठाऊक असलेला, तिच्या हातात. देणं ते त्यानंतर. १९३७ च्या शरीअत कायद्याच्या मजकुरात शेतजमिनीला अपवाद ठेवला होता, त्यावरून कोणी तुम्हाला ‘शेतात बाईचा हक्क नसतो’ असं सांगू लागलं तर ऐकून घेऊ नका. दर्यापूरला एखाद्या दिवाणी वकिलाला सगळे कागद दाखवून त्याचा सल्ला घ्या.

आणि हे बोलणं तू एकटीनं भावाशी करू नकोस. इमामसाहेबांना जेवायला बोलाव. मदरशात फराइझ, म्हणजे वारसाचे हिस्से, गणितासारखे शिकवतात. ‘सिराजी’ नावाचं जुनं पुस्तक त्यासाठीच पढवतात. हे त्यांचं पक्कं काम आहे. अब्बा, भाऊ, दादी, फुफी सगळे बसलेले असताना त्यांनाच विचार, दादांच्या चार एकरांचे हिस्से कसे होतात. ते तुझ्याकडे कागद मागतील आणि करून देतील. सातबाऱ्याचा आणि फेरफाराचा ताजा उतारा त्याआधी काढून ठेव, आणि तोपर्यंत फुफीला कुठल्याही कागदावर सही करू देऊ नकोस.

— आपा